मुंगी न लागलेल्या चार ढेपा

गुऱ्हाळातल्या काहिलीवर वाकून ज्ञानू गुळव्यानं वाफ नाकात घेतली आणि तो चटकन मागं सरला. तीस वर्षं हा माणूस उकळत्या रसाच्या वाफेवर जगला होता. ऊस काळ्या रानातला की माळावरचा, तोडून एक दिवस झाला की दोन, हे तो डोळे मिटून नुसत्या वासावर सांगायचा. आज त्या वाफेत उसाच्या मागं दुसरंच काहीतरी होतं. एस. टी. स्टँडावर गाडीच्या मागं उभं राहिल्यावर घशाला जाऊन चिकटतं, तसलं काहीतरी.

"कृष्णात, जाळ कमी कर," तो ओरडला. "आणि हिकडं ये. वास घे ह्याचा."

चुलवाणाच्या तोंडाशी बसून वाळलेली चिपाडं आत सारणारा कृष्णात उठून आला. दोनदा नाक ओढून म्हणाला, "मला तर नुसता धूर यायलाय, तात्या."

"तुझं नाक शोभेला हाय. रस कुठला घेतलास?"

"जुन्या टाकीतला. नवी टाकी सकाळच्या दोन काहिलींत सपली न्हवं का. मालकांनीच सांगिटलं, आता जुन्या टाकीतला घ्या म्हणून."

"जुनी टाकी? ती तर सा वर्सं कोरडी हाय."

कृष्णातनं मान खाली घातली आणि पायानं चिपाड उगाच इकडं तिकडं केलं. मग म्हणाला, "कोरडी कशाची, तात्या. पंधरा दिवस डिझेल हुतं की त्यात. तुमास्नी म्हाईतच न्हाय व्हय?"

झारा काठावर ठेवून ज्ञानू तरातरा गुऱ्हाळघराच्या मागं गेला. करंजाच्या झाडाखाली जमिनीत बसवलेली दगडी टाकी होती. तिच्यावरची फरशी त्यानं सरकवली. आत रस भरलेला होता आणि रसावर निळा-जांभळा तवंग गरगरत होता. पावसाळ्यात डांबरी रस्त्यावर दिसतो ना, तसला. तो रंग बघून माणसं खूश होतात. ज्ञानूला मात्र थुंकावंसं वाटलं आणि तो खरंच थुंकला.

आता ही टाकी काय आणि तिच्यात डिझेल आलं कुठून, ते सांगायला पाहिजे.

हे गुऱ्हाळ बाळासोचं. कोल्हापुराहून जोतिबाला चालत जाणाऱ्या वाटेवर, कुशिऱ्याच्या अलीकडं. बाळासोचा बाप अण्णासो होता तेव्हा इथं बैलांचा घाणा फिरायचा आणि रस थेट त्या दगडी टाकीत पडायचा. रस काढलेली चिपाडं वाळवून चुलवाणात जायची. राख रानात जायची. रसावरची मळी बैल चाटूनपुसून खायचे, आणि बैलांचं शेण पुन्हा उसाच्या बुडात. त्या मळ्यातून बाहेर जायचा तो गूळ आणि बाहेरून यायचं ते मीठ. अण्णासो कुणी साधूबिधू नव्हता हां! पक्का चिक्कू माणूस. खिशात हात घालायला लागू नये म्हणून त्यानं हे सगळं बसवलं होतं. पण बसवलं होतं, हे खरं.

अण्णासो गेला आणि बाळासोनं सहाच्या सहा बैल एका बाजारात फुंकले. कोल्हापुरातून इंजिन आणलं. इंजिन काही वाईट नव्हतं. पहिल्या हंगामात ज्ञानूलाही मजा वाटली होती, उगाच खोटं कशाला बोला. पण बैल गेले म्हणून शेण गेलं, शेण गेलं म्हणून युरियाची पोती आली, पोती आणायला ट्रॅक्टर आला, आणि नदीवरून पाणी उचलायला दुसरं इंजिन आलं. सहा वर्षांत मळ्यातली एकूण एक गोष्ट डिझेलच्या काळ्या पिंपाच्या तोंडाला जाऊन बसली. आणि ऐंशी सालच्या हिवाळ्यात पिंपच कोरडं पडलं.

चहाच्या टपरीवर माणसं सांगायची, इराणात राजा पळाला म्हणून तेल नाही. दुसरी सांगायची, आसामात पोरांनी तेल अडवून धरलंय. कुठला इराण, कुठला आसाम! ज्या माणसानं आयुष्यात मिरज ओलांडलं नव्हतं, त्याचा ऊस इराणच्या राजासाठी उभ्या उभ्या वाळायला लागला. पंपावर दीड-दीड मैल पिंपांची रांग. पिंपावर बसून माणसं भाकरी खात होती, भांडत होती. बाळासोनं एका ट्रकवाल्याला गाठून चोरून डिझेल घेतलं. साठेबाजांवर धाडी पडणार अशी आवई उठली, तेव्हा घाबरून त्यानं ते सगळं बापाच्या रसाच्या टाकीत ओतलं आणि वर फरशी टाकून चिपाडं पसरली. तिथं कोण बघतोय!

डिझेल पुरवायचं म्हणून त्यानं आणखी एक शक्कल काढली. इंजिन सारखं चालू-बंद केलं की जास्त पितं, म्हणून पहाटे एकदाच चालवायचं आणि दिवसाचा सगळा रस एका दमात काढून ठेवायचा. काढून ठेवायचा म्हटल्यावर दुसरी टाकी आली. दुसरी टाकी म्हणजे ती दगडी. धाडीची भीती ओसरलीच होती, मग आतलं डिझेल उपसून पिंपात भरलं, टाकी धुतली आणि तिच्यात रस सोडला. ज्ञानूला एका शब्दानं विचारलं नाही.

फटफटी लावून बाळासो आत आला तेव्हा ज्ञानू काहिलीपाशी त्याची वाटच बघत होता.

"बाळासो, ह्यात डिझेल उतरलंय."

"कशात?"

"रसात. टाकीवर तवंग आलाय, बघून या जावा."

"अवो, तीनदा धुतलीय मी ती. राखेनं धुतली, सोड्यानं धुतली, कढत पाण्यानं धुतली."

"दगूड हाय त्यो. पंधरा दिवस पीत बसलाय. धुऊन निघतंय व्हय?"

बाळासो काहिलीवर वाकला. त्याच्या नाकपुड्या क्षणभर फुगल्या आणि लगेच मिटल्या. ज्ञानूनं ते बघितलं. मग बाळासो सरळ उभा राहिला आणि म्हणाला, "मला न्हाय बा कसला वास येत."

"वतून टाका म्हणतो मी."

"वतून टाका! तात्या, ह्या साली गुळाला भाव काय चाललाय ठावं हाय न्हवं? आणि हा रस काढायला जे डिझेल जाळलं, ते कुणाच्या दारात मागू? सा तास रांगेत हुबा हुतो मी, सा तास! भेंडी जादा घाला. वर ती पावडर टाका जरा. रंग आला की वास कोण बघतंय."

रानभेंडीचा चिकट रस घातला की घाण वर येते, हे खरं. पांढरी पावडर टाकली की गूळ पिवळाधमक दिसतो, हेही खरं. पण ज्ञानूनं तिथंच खांद्यावरचा टॉवेल झटकून चालू लागायला हवं होतं. आदल्या साली बाळासोनं चुलवाणात जाळायला जुने टायर आणले, तेव्हा तो असाच चालता झाला होता आणि बाळासो दोन दिवसांनी घरी येऊन हात जोडून घेऊन गेला होता. ह्या वेळी त्याचे पाय हलले नाहीत. कारण काहिलीत रस निम्मा आटला होता. शिजती काहील टाकून गुळव्या जात नाही; बाप मेला तरी गूळ उतरवून मग रडायला जातो. ज्ञानूला त्याच्या गुरूनं हेच शिकवलं होतं आणि ह्याच शिकवणीनं त्याचा घात केला.

त्यानं भेंडी घातली. पावडर कृष्णातनं टाकली, ज्ञानूनं तोंड फिरवलं. वेळ आली तशी काहील उचलली, गार करायच्या वाफ्यात ओतली, घोटली आणि चार ढेपा भरल्या. अशा ढेपा त्या हंगामात झाल्या नव्हत्या. कोवळं सोनं नुसतं! आणि गूळ कोमट असताना प्रत्येक ढेपेच्या माथ्यावर त्यानं नेहमीसारखा उजवा अंगठा दाबला.

हा अंगठा म्हणजे ज्ञानूचं सगळं काही. ढेपेवर तो खळगा दिसला की कोल्हापूरच्या गुळाच्या पेठेत ढेप फोडून बघत नसत. "ज्ञानूची हाय, ठेवा बाजूला," म्हणत. त्याला ना शेत, ना घाणा, ना गुरं. तीस वर्षांत त्यानं कमावला तो एवढा खळगाच. आणि हाताच्या सवयीनं तो चार डिझेलच्या ढेपांवर उठवला, हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा गूळ घट्ट झाला होता.

दुसरा दिवस रविवार. माघातले रविवार म्हणजे जोतिबाचे खेटे. कोल्हापुरातली माणसं पहाटे अनवाणी चालत डोंगरावर जातात आणि दर्शन घेऊन परततात. ह्या वाटेवरच्या गुऱ्हाळांची एक रीत होती. येणाऱ्याला रस नाही म्हणायचं नाही. ओळखीचा असो, परका असो, पोटभर प्यावा आणि चांगभलं म्हणून पुढं जावं. अण्णासोसारखा चिक्कू माणूस खेट्याच्या रविवारी स्वतः तांब्या घेऊन उभा राहायचा.

पहाटे बाळासोनं इंजिन चालवलं आणि दोन्ही टाक्या भरल्या. नव्या टाकीतला सगळा रस काहिलींत गेला. "जुन्या टाकीला कुणी हात लावायचा न्हाय," ज्ञानूनं कृष्णातला दम भरला आणि तो ढेपा बघायला गेला.

भिंतीलगत शनिवारच्या बारा ढेपा मांडल्या होत्या. मुंग्यांची रांग दाराच्या उंबऱ्यातून आत आली होती. गुऱ्हाळात मुंगी नाही असं होतच नाही. पहिल्या आठ ढेपांवर त्या खुशाल हिंडत होत्या. नवव्या ढेपेपाशी रांग आली, पुढच्या मुंगीनं तोंड लावलं, मागं सरली आणि सगळी रांग वळून परत फिरली. ज्ञानू उकिडवा बसून बघत राहिला. शेवटच्या चार ढेपा लखलखत होत्या आणि त्यांच्यावर एक मुंगी नव्हती, एक माशी नव्हती. जनावराला कळलं ते मालकाला कळत नाही, ह्या विचारानं त्याच्या तोंडाला कडू पाणी सुटलं.

दहाच्या सुमाराला देव करून परतणारी माणसं येऊ लागली. कपाळभर गुलाल, पाय धुळीनं माखलेले.

"चांगभलं! काय पावणं, द्या की रस!"

"रस न्हाय," बाळासो दारातच आडवा उभा राहून म्हणाला. "सपला."

"सपला? चुलवाण पेटलंय, काहील चढलीय आणि रस न्हाय? नवीनच ऐकायलोय बाबा!"

"डिझेलच न्हाय तर इंजिन कशावर चालवू? सरकारला इचारा जावा."

डिझेल म्हटलं की त्या साली सगळ्यांचं तोंड बंद व्हायचं. "खरं हाय बाबा, कुठं मिळतंय डिझेल," असं म्हणत माणसं सावलीला टेकली. त्यांच्यातच बाळासोची आई आक्काताई होती. साठीची बाई, पाचही खेटे अनवाणी करायची. ती दगडावर बसून तळपाय चोळत होती.

ज्ञानूनं हे दारातून ऐकलं आणि त्याच्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. हा काल म्हणतो वास येत नाही. मग आज रस का देत नाही? टाकी काठोकाठ भरलेली असताना खेट्याच्या माणसांना तोंडावर खोटं सांगतोय, म्हणजे ह्याला वास येतोय. कालच आला होता. देवाच्या वाटेवरच्या माणसाला हा रस पाजायला हा धजत नाही, आणि त्याचाच गूळ करून पेठेत लोकांच्या पोरांना खायला घालणार. तेही माझा अंगठा लावून! थू तुझ्या जिंदगीवर!

त्यानं पितळी तांब्या उचलला. मागं जाऊन फरशी सरकवली, तांब्या बुडवला आणि सगळ्यांच्या देखत बाळासोसमोर धरला.

"रस हाय की, मालक. टाकी भरलीय. पयला घोट तुमी घ्या, मग पावण्यांस्नी देतो."

बाळासोचा चेहरा उतरला. त्यानं ज्ञानूकडं बघितलं, माणसांकडं बघितलं, आईकडं बघितलं. प्यावं तर मरण, न प्यावं तर चोरी कबूल. ज्ञानूची खात्री होती, तो पिणार नाही. आता बोलेल, आता खरं सांगेल.

बाळासोनं तांब्या घेतला आणि गटागटा प्याला. सगळा! गळ्याची घाटी वरखाली होत होती, डोळ्यांत पाणी आलं होतं. मिशी पुसून तो म्हणाला, "झ्याक हाय."

ज्ञानूला शिसारी आली. विष कळून पाजणारा माणूस त्यानं ऐकला होता. भाव जाऊ नये म्हणून कळून पिणारा आज बघितला.

"आँ? मग आमास्नी न्हाय कसा?" माणसं उठलीच. "आपुन पितोय आणि आमाला डिझेलची कानी सांगतोय व्हय रं!" कुणी फुलपात्र काढलं, कुणी ओंजळ पुढं केली. एक दांडगा गडी सरळ टाकीपाशी गेला, फुलपात्र बुडवून आला आणि रीतीप्रमाणं पहिलं वयस्कर बाईला म्हणून त्यानं ते आक्काताईच्या हातात दिलं.

"ऱ्हावा, ऱ्हावा!" ज्ञानू ओरडला, पण गलक्यात कुणाला ऐकू जातंय. आक्काताईनं "चांगभलं" म्हणून फुलपात्र तोंडाला लावायला उचललं.

बाळासोनं झेप घेतली आणि आईच्या हातावर फटका मारला. फुलपात्र उडून खणखणत लांब जाऊन पडलं. रस तिच्या लुगड्यावर सांडला.

सगळी माणसं जागच्या जागी थांबली. आक्काताईनं ओला हात नाकापाशी नेला.

"बाळ्या," ती म्हणाली, "हे काय हाय?"

बाळासोला उत्तर द्यायला सवडच झाली नाही. तो पोट धरून चिपाडांच्या गंजीमागं पळाला आणि तिथून ओकण्याचा आवाज येऊ लागला. खेट्याची माणसं शिव्या घालत, तोंडं वाकडी करत निघून गेली.

ज्ञानूनं सगळं सांगितलं. भेंडीचं, पावडरीचं, अंगठ्याचंही. आक्काताईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुझं बी चुकलंच की रं, ज्ञानू," ती म्हणाली.

"चुकलं, आक्का."

"वतून टाका ती टाकी."

"कुठं वतू?"

रानात ओतावं तर ऊस जळणार. ओढ्यात ओतावं तर ओढा नदीला जातो आणि खालची गावं ते पाणी पितात. पूर्वी आंबलेला रस बैलांना जायचा. आता बैलच नव्हते, आणि असते तरी त्यांनी तोंड लावलं नसतं. ज्या मळ्यात राखेलासुद्धा जागा होती, तिथं ह्या घाणीला टाकायला वीतभर जागा सापडेना. शेवटी टाकी तशीच भरलेली ठेवून वर फरशी ओढली.

संध्याकाळी बाळासो पांढराफटक होऊन परत आला. आक्काताईनं जोतिबाचा गुलाल त्याच्या तळहातावर ठेवला आणि त्याच्याकडून वदवून घेतलं, की त्या चार ढेपा पेठेत जाणार नाहीत.

"न्हाय पाठवत, आई," तो म्हणाला. "पुरून टाकतो उद्याच."

सोमवारी ज्ञानू कामावर आला तेव्हा भिंतीलगतची ती जागा रिकामी होती. "पुरल्या," बाळासो म्हणाला. ज्ञानूनं खोदून विचारलं नाही. गुलाल हातावर घेऊन माणूस खोटं बोलेल, एवढं त्याच्या मनातही आलं नाही. खुळाच म्हणायचा, दुसरं काय!

बुधवारी पेठेतून निरोप आला, अडत्यानं गुळव्याला बोलावलंय. बाळासो आधी टाळाटाळ करत होता, पण अडत्याचा शब्द मोडायची त्याची छाती नव्हती. त्यानं ट्रॅक्टर काढला आणि मागं ट्रॉलीत बसून ज्ञानू कोल्हापुरात गेला. ट्रॉलीच्या कोपऱ्यात दोरीनं करकचून बांधलेला डिझेलचा डबा होता. टंचाई असल्यामुळं परतीचं तेल सगळेच बरोबर घेऊन फिरत.

दुकानात सौद्याची गर्दी होती. खरेदीदार, हमाल, ट्रॅक्टरवाले, शेतकरी. आणि मधोमध, पाटावर, हळदकुंकू वाहिलेल्या चार ढेपा. ज्ञानूला माथ्यावरचे खळगे लांबूनच ओळखू आले.

"ह्यो बघा गुळव्या!" अडत्या ओरडला. "या, या, ज्ञानू. मंडळी, रंग बघा रंग! आणि सोमवारपासून उघड्या ठेवल्यात हां मी. बाकीच्या मालावर मुंग्यांचं राज्य, आणि ह्या चार ढेपांना एक मुंगी लागली असेल तर शपथ. माशी बसत न्हाय, माशी! ह्याला म्हणायचं सोच्छ माल. बाळासो, हंगामभर मला असाच गूळ पायजे."

माणसं माना हलवत होती. अडत्यानं नारळ दिला आणि स्वतःच्या हातानं ज्ञानूच्या डोक्याला कोरा गुलाबी फेटा बांधला. टाळ्या पडल्या. बाळासो सगळ्यांच्या मागं उभा राहून खांद्यावरच्या उपरण्याशी चाळा करत होता.

"शेट," ज्ञानू म्हणाला, "ह्या गुळात डिझेल हाय. मुंगी म्हणून लागत न्हाय. फोडा, वास घ्या."

माणसं हसली. अडत्याही हसला, पण त्यानं ज्ञानूच्या खांद्यावर हात टाकून त्याला जवळ ओढलं आणि कानात म्हणाला, "गप की लेका. हितं कोण खाणार हाय ह्यो? उद्या वॅगनीत चढला की गेला लांबच्या मुलखाला. तुझ्या अंगठ्यावर माल खपतोय, खपू दे."

म्हणजे ह्यालाही वास आला होता. बाळासोला आला होता, अडत्याला आला होता, आणि इथं पुढं उभ्या असलेल्या निम्म्यांना तरी येत असणारच. सगळे नाकं बंद करून माना हलवत होते आणि बंद नाकांनी एकमेकांना सांगत होते, काय रंग, काय रंग! वास आला तो एका मुंगीला. ज्ञानूला वाटलं, इथंच सगळ्यांच्या अंगावर ओकावं. आपल्या अंगठ्यावर सगळ्यात आधी.

तो गर्दीतून बाहेर पडला. ट्रॉलीवर चढला, दोरी सोडली आणि डबा उचलून आत आला. कुणी अडवायच्या आधी त्यानं बूच काढलं आणि चारी ढेपांवर डबा उपडा केला. भळाभळा डिझेल वाहिलं. पिवळ्याधमक गुळावरून ओघळलं, हळदकुंकू घेऊन पाटावरून खाली आलं, आणि माथ्यावरचे चारही खळगे तुडुंब भरले.

"आता येतोय वास?" ज्ञानू ओरडला. "का अजून न्हाय?"

कुणीतरी किंचाळलं, "आरं, डिझेल! डिझेल सांडलं!"

आणि सगळे धावले. एका ट्रॅक्टरवाल्यानं पाटाखाली पत्र्याचा डबा धरला. दुसऱ्यानं त्याला ढकलून आपली बादली सरकवली. हमालांनी पोती टाकली, फरशीवरचं तेल टिपलं, पिळलं, पुन्हा टाकलं. "हिकडनं चाललंय, हिकडनं धर!" खरेदीदार गुडघ्यांवर बसून ओंजळीनं भरत होता. अडत्या धोतर वर खोचून "माझी घागर आणा, माझी घागर!" म्हणून ओरडत होता. गुळाचं नाव कुणाच्या तोंडात नव्हतं. एकानं तर ढेप आडवी केली, खालचं तेल नीट निघावं म्हणून, आणि ती गडगडत जाऊन गटाराच्या कडेला पडली. तिच्याकडं कुणी वळूनही बघितलं नाही.

बाळासो पाटाशी ओणवा झाला होता. पहिल्या ढेपेच्या खळग्यात, ज्ञानूच्या अंगठ्याच्या खुणेत, तो उपरण्याचं टोक दाबत होता आणि थेंब न थेंब डब्यात पिळत होता. त्याला रडू कोसळलं होतं.

"पाच लिटर हुतं, तात्या," तो म्हणाला. "पाच लिटर! काय केलंसा हे?"

ज्ञानूनं डोक्यावरचा फेटा सोडला आणि पाटावर ठेवण्यासाठी हात पुढं केला. बाळासोनं वर न बघताच तो त्याच्या हातातून ओढून घेतला.

"आणा त्यो हिकडं," तो म्हणाला. "माझं उपरणं भिजलं सगळं, आणि त्या खळग्यात अजून हाय."